न मावलेला ळ

कागल मागे पडलं की एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत राहा. कोगनोळीचा नाका ओलांडला आणि रस्त्याकडेच्या पाट्यांची लिपी बदलली. मागच्या सीटवरच्या दोन बायकांचं बोलणं मात्र कागलात होतं त्याच हेलात चालू आहे. इथून पुढे तुम्ही फक्त बघायचं आणि ऐकायचं. सोबत काही आणायचं नाही, कशाला हात लावायचा नाही.

निपाणीला उतरा. साल १९९८, मे महिना. स्टँडवरून पेठेकडे वळलात की नाकात तंबाखू शिरते. वखारींची दारं उघडी आहेत आणि हवेतच बारीक भुकटी तरंगतेय. गावच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला दोन शिंका येतील. गल्लीतल्या तिसऱ्या घरात चला, दार उघडंच आहे.

आत सात वर्षांचा एक पोरगा टीव्हीपुढे मांडी घालून बसलाय. हातात प्लॅस्टिकच्या पिवळ्या कॅसेटवाला व्हिडिओ गेम. कॅसेट लागत नाही म्हणून तो ती काढतो, तोंडापाशी धरून जोरात फुंकतो आणि परत दाबतो. या क्षणी देशभरातली लाखभर पोरं हेच करत असतील. जपानच्या निन्टेन्डोनं १९८३ साली काढलेल्या फॅमिली कॉम्प्युटरच्या या स्वस्त नकला आपल्याकडे सुट्टीच्या दिवसांत घरोघरी आल्या. कॅसेटच्या कागदावर छापलंय ‘९९९९ इन १’. पोरगा ती यादी एकेक करून तपासतोय. पहिल्या नंबरावर काँट्रा. आणखी खाली गेलं तरी काँट्राच, पण सुरू होताना जंगल नाही. खेळ एकदम धबधब्यापासून चालू. त्याच्याही खाली पुन्हा तोच खेळ, यावेळी जीव तीनऐवजी तीस.

“मामा,” तो वळून विचारतो, “ह्ये कुणी बदललं?”

दारात ब्रश धूत बसलेला मामा टीव्हीकडे बघतो. मामा पेंटर आहे, दुकानांच्या पाट्या लिहितो. “कुणीतरी आत हात घातलाय की,” तो म्हणतो आणि पुन्हा रॉकेलच्या डब्यात ब्रश बुडवतो.

मामाचं बरोबर आहे. खेळ कितव्या टप्प्यापासून सुरू करायचा, खेळणाऱ्याला किती जीव द्यायचे, हे यंत्राच्या स्मृतीत एकेका आकड्यात लिहिलेलं असतं. कॅसेट बनवणाऱ्यांनी तेवढा आकडा बदलला आणि तोच खेळ नव्या नावानं यादीत टाकला. त्यांना कागदावरचा आकडा फुगवून माल खपवायचा होता. या पोरासाठी मात्र त्यातून दुसरंच काही घडलं. कॅसेटमधला खेळ दगडावर कोरलेला नसतो, आत कुठेतरी आकडे असतात आणि ते आकडे माणसाच्या हाताला लागतात, हे त्याला सातव्या वर्षी कळलं. ते पुढे दहा वर्षं त्याच्या डोक्यात राहणार आहे.

आता त्याच्याबरोबर निपाणीहून दक्षिणेकडच्या बसमध्ये बसा. बस तवंदीचा घाट चढते, संकेश्वर, हत्तरगी, काकती मागे टाकते. पाऊणशे किलोमीटर संपतात आणि बेळगावच्या स्टँडवर तुम्ही उतरता तेव्हा २००८ चा मे संपत आलेला असतो. पोरगा सतराचा झालाय, बारावीची परीक्षा देऊन मोकळा. त्याच्याबरोबर एक मित्र आहे, हुक्केरी तालुक्यातला, बेळगावात हॉस्टेलवर राहून डिप्लोमा करणारा. घरची भाषा कन्नड, पण चार वर्षांत मराठी अशी बोलायला लागलाय की वाक्य मराठीत सुरू होतं आणि शेवटी ‘आयतु’ म्हणून संपतं.

दोघांच्या मागून खडे बाजाराच्या आतल्या बोळात चला. शटर अर्धं खाली ओढलंय. वाकून आत जा. चार टीव्ही, चार प्लेस्टेशन टू, प्लॅस्टिकची स्टुलं, एक टेबल फॅन आणि घामाचा वास. तासावर पैसे. हे यंत्र सोनीनं २००० च्या मार्चमध्ये जपानात काढलं. आतली मुख्य स्मृती अवघी ३२ मेगाबाइट, खेळ साठवायचं कार्ड ८ मेगाबाइटचं. एवढ्यावर ही चार टाळकी सकाळपासून रात्रीपर्यंत जागची हलत नाहीत.

सगळ्यांना आज एकच खेळ हवाय. १८ एप्रिलला आयपीएलचा पहिला हंगाम सुरू झालाय, १ जूनला अंतिम सामना आहे, आणि पार्लरवाल्याकडे आयपीएलची डीव्हीडी आहे. पण या यंत्रासाठी असा खेळ कुठल्याही कंपनीनं काढलेला नाही. डीव्हीडीवर स्केचपेननं ‘आयपीएल’ लिहिलंय, पण आतला मूळ खेळ ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७ आहे. तो २००६ च्या नोव्हेंबरात आला, तेव्हा आयपीएल कुणाच्या स्वप्नातही नव्हती. ईएकडे इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघांचे हक्क होते. आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून टाकलेली होती. फलंदाजाची उभं राहण्याची ढब ओळखू यायची, पण नाव भलतंच. ज्या देशात हा खेळ एवढा खेळला गेला, त्या देशाचेच खेळाडू त्यात परक्या नावानं वावरत होते. ईएनं त्यानंतर क्रिकेटचा दुसरा मोठा खेळ काढलाच नाही. मग ठिकठिकाणच्या हौशी पोरांनी त्या खेळाच्या फाइली उघडल्या, नावं नीट केली, जर्सीचे रंग बदलले, संघ बदलले. कुणी पगार दिला नाही, कुणी सांगितलं नाही.

तुम्ही स्कोअरकार्ड बघताय. पोरगा मात्र सीमारेषेवरच्या जाहिरातींच्या फळ्यांकडे बघतोय. मूळ खेळातल्या फळ्या जाऊन तिथे नव्या रंगीत फळ्या आल्यात. तो मित्राच्या दंडाला धरून म्हणतो, “बघ की. फळ्यापण बदलल्यात.” पुढचं तो बोलत नाही, पण तुम्हाला ते कळतं: जिथे मुंबई बसते, चेन्नई बसते, तिथे आपलं बेळगाव का बसू नये? व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर टेनिस बॉलनं खेळणारी त्यांची टीम टीव्हीवर का दिसू नये?

रात्री निपाणीच्या त्याच घरात. पंख्याखाली आई सुपात पानं घेऊन विड्या वळतेय. पत्र्याच्या साच्यानं पान कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. ती हाताकडे बघतही नाही. कोपऱ्यात जोडून घेतलेला कॉम्प्युटर सुरू आहे. मित्र आज मुक्कामाला आलाय. पडद्यावर एचएक्सडी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उघडलाय आणि त्यात खेळाची एक फाइल: डावीकडे आकड्यांच्या रांगा, उजवीकडे त्याच आकड्यांची अक्षरं, बहुतेक निरर्थक ठिपके.

जवळ सरका. ईएच्या त्या काळातल्या कितीतरी खेळांत फाइलींची गाठोडी बांधलेली असत आणि गाठोड्याच्या तोंडाशी बी, आय, जी, एफ ही चार अक्षरं असत. त्यानंतर गाठोड्याचा एकूण आकार, आत किती फाइली आहेत तो आकडा, आणि मग यादी. प्रत्येक फाइलीपुढे ती कुठे सुरू होते, किती लांब आहे आणि तिचं नाव. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. हा उतारा आहे. गट कुठला, क्षेत्र किती, नाव कुणाचं. आणि उताऱ्यासारखाच नियमही आहे: एकाचं क्षेत्र वाढलं की शेजाऱ्याच्या बांधावर अतिक्रमण झालंच.

पोरगा एक इंग्लिश काउंटी शोधून काढतो. नाव सहा अक्षरांचं, पुढे दोन शून्यं, मग लगेच दुसऱ्या संघाचं नाव. म्हणजे जागा आठ घरांची. त्यातलं शेवटचं घर शून्यालाच द्यावं लागतं, कारण नाव इथे संपलं हे यंत्राला त्या शून्यावरूनच कळतं. उरली सात.

“काय घालायचं?” पोरगा विचारतो.

“बेळगावी,” मित्र म्हणतो. “आमची अज्जी तेच म्हणती.”

पाहुण्यासारखा पाहुणा, त्याचा मान ठेवायचा म्हणून पोरगा रोमन लिपीत टाइप करतो: बी, ई, एल, ए, जी, ए, व्ही, आय. आठ अक्षरं. शेवटचं शून्य पुसलं गेलं. त्याच्या लक्षात येत नाही. लाईट दोनदा जाऊन येते, पहिली डीव्हीडी अर्ध्यात फुकट जाते. दुसरी कमी वेगानं लिहायला लावून दोघं जागे राहतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पार्लर. नकली डिस्क वाचायला चिप बसवलेल्या यंत्रात डीव्हीडी फिरते. दोघं श्वास धरून बसलेत. संघांची यादी येते आणि बेळगावीचं नाव खरंच येतं, पण थांबत नाही. शून्य नसल्यामुळे यंत्र पुढे वाचत गेलं आणि पुढच्या काउंटीचं नाव त्याला चिकटून दोन नावांची एकच लांबलचक ओळ झाली. स्टुलावरची पोरं हसतात. मित्राचे कान लाल होतात.

रात्री पुन्हा तीच खुर्ची. पोराच्या आवाजात जरा विजय आहे. “बेलगाम घालतो. सातच अक्षरं. फिट्ट बसतंय.” आणि ती बसतातच. ४२, ४५, ४सी, ४७, ४१, ५५, ४डी, आणि आठव्या घरात शून्य. सरकारी कागदावर तेव्हा गावाचं इंग्रजी नाव तेच आहे. ते बदलून बेळगावी व्हायला १ नोव्हेंबर २०१४ उजाडावं लागेल.

मित्र पडद्याकडे बघत राहतो. मग म्हणतो, “ह्ये ना तुझं, ना माझं. सायबाचं नाव बसतंय बघ.”

विड्या वळणारे हातही थांबतात. तुम्हाला ठाऊक आहे या वाक्यामागच्या वादाला किती वर्षं झाली. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. गावाच्या नावावरून, पाटीवरच्या लिपीवरून, कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून इथे मोर्चे निघाले, डोकी फुटली. आणि आज मध्यरात्री दोन पोरांपुढे आठ घरांची एक ओळ आहे. तिच्यात दोघांच्याही तोंडातलं नाव लिहिता येत नाही. बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी, दोन्हींत ळ आहे. तो मराठीला आहे, कन्नडलाही आहे. त्या यंत्राच्या अक्षरांत मात्र नाही.

दारात बसलेला मामा उठून येतो. हातावर अजून रंगाचे डाग आहेत. “त्या फळीवर काय लिव्हताय?” तो विचारतो.

“ती फळी अक्षरांची नाही मामा, चित्राची आहे.”

“मग चित्रात काढा की.”

किती साधं आहे बघा, आणि किती वेळ सुचलं नव्हतं. नावांच्या यादीत यंत्र त्याला माहीत असलेलीच अक्षरं घेतं. पण सीमारेषेवरची फळी हे चित्र आहे. ठिपक्यांना लिपी नसते. तिथे मराठी काढा, कन्नड काढा, यंत्र विचारत नाही. त्याला फक्त माप तेच हवं आणि रंग तितकेच हवेत. फळीचं चित्र २५६ ठिपके रुंद, ६४ ठिपके उंच, आणि रंगांची यादी आधीच ठरलेली. यादीत नसलेला रंग वापरता येत नाही. मामाला यात नवं काहीच नाही. त्याच्याकडेही डबे मोजकेच असतात.

“आधी जागा मोज, मग अक्षर,” मामा म्हणतो आणि चौकटीची वही मागून घेतो.

भिंतीवर पाटी लिहिताना तो सुतळीला खडू चोळतो, दोन टोकं ताणून धरतो आणि मधे चिमटीत उचलून सोडतो. टप्प. सरळ रेघ उठते. वहीवर तो पट्टीनं तेच करतो. वरची रेघ, खालची रेघ, मधली. डावीकडे देवनागरी, उजवीकडे कन्नड. मामा कन्नड बोलतो ते बाजारापुरतं, पण वीस वर्षं दोन भाषांच्या पाट्या लिहून त्या अक्षरांची वळणं त्याच्या मनगटात बसलीत. मित्र अज्जीच्या तोंडचं नाव बोलतो, मामा अक्षरं काढतो. “आमच्यात वर शिरोरेषा,” मामा म्हणतो, “तुमच्यात काय म्हणतात?”

“तलकट्टु.”

“म्हणजे डोक्यावर दोघांच्याबी हायच काहीतरी.”

पहाटेपर्यंत पोरगा वहीतली एकेक चौकट पडद्यावर उतरवतो. वहीत एक चौकट, पडद्यावर एक ठिपका. मामा पाठीमागे उभा राहून बोट दाखवतो. आई चहा करून आणते आणि म्हणते, “अजून जागच हाईसा व्हय?” कुणी उत्तर देत नाही.

हे काम रीतसर होतं का, असं तुम्ही स्वतःला विचाराल. विचारायलाच हवं. पार्लरमधल्या डीव्हीड्या नकली होत्या आणि ज्यांनी मूळ खेळ कष्टानं बनवला त्यांच्या हाती त्यातलं काही पडलं नाही. ते चूकच. पण या खोलीत आज जे घडतंय ते मला शिक्षण वाटतं. कुणी शिकवलं नसताना एक पोरगा सोळाच्या पाढ्यात मोजायला शिकला, फाइलीचा उतारा वाचायला शिकला, आपल्या एका जादा अक्षरानं शेजाऱ्याचं नाव कसं बिघडतं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. दुसरीकडे तयार होऊन आलेली वस्तू जशी आहे तशी वापरायची, एवढंच आपल्या वाट्याला येतं, असं इथल्या पोरांना लहानपणापासून वाटत असतं. ती वस्तू उघडता येते हे ज्याला एकदा कळलं, तो पुढे आयुष्यात कशापुढेही नुसता ग्राहक म्हणून उभा राहत नाही.

तिसऱ्या दिवशी पार्लरमध्ये मामाही आलाय. स्टुलावर तो अवघडून बसतो. यादीत ‘बेलगाम’ येतं, सात अक्षरांत, नीटस. त्याबद्दल आता कुणी बोलत नाही. मैदान उघडतं. पोरगा मुद्दाम चेंडू लेगला मारतो म्हणजे कॅमेरा सीमारेषेकडे वळेल.

आणि ती दिसते. एक नाही, मैदानभर. तेच चित्र खेळ ठिकठिकाणी वापरत होता, त्यामुळे एकदा लिहिलेली फळी सगळीकडे उमटलीय. बेळगाव आणि बेळगावी, शेजारी शेजारी, एका फळीवर, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. स्टुलावरची पोरं गप्प होतात. मित्र अगदी हळू म्हणतो, “आयतु.”

मामा पुढे वाकतो. टीव्हीच्या काचेजवळ नाक नेतो. तुम्हाला वाटतं आता तो पोराच्या पाठीवर थाप मारेल.

“ळ चं पोट बुजलंय,” तो म्हणतो.

खरंच बुजलंय. जुन्या टीव्हीवर चित्र एकाआड एक ओळींनी रंगवलं जातं. एक ठिपका जाड आडवी रेघ तिथे थरथरते आणि एका ठिपक्याची पोकळी भरून जाते. पोरानं ळ च्या दोन्ही गोलांत एकेकच ठिपका मोकळा सोडला होता. पडद्यावर दोन गोळे दिसतायत, अक्षर नाही. आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला कन्नड ळ चंही तेच झालंय.

“चालतंय की मामा, कळतंय,” पोरगा म्हणतो.

“कळतंय म्हणून सोडायचं नसतं. पाटीवर चूक राहिली की गाव रोज वाचतंय.”

त्या रात्री पोरगा पुन्हा फाइल उघडतो. शेजारच्या अक्षरांतून एकेक ठिपका मागून घेतो, शिरोरेषा दोन ठिपक्यांची करतो, आणि दोन्ही भाषांतल्या ळ ची पोटं मोकळी करतो. फाइलीचा आकार एका बाइटनंही बदलत नाही.

आता परत या. बोळ तोच आहे. पार्लर राहिलं नाही. त्या शटरवर मोबाइल दुरुस्तीचा फ्लेक्स आहे आणि त्याच्या मागे, कडेला, हातानं रंगवलेल्या जुन्या पाटीची एक पट्टी अजून दिसते. प्लेस्टेशन टूचं उत्पादन संपल्याची बातमी २०१३ च्या जानेवारीत आली. क्रिकेट ०७ मात्र मेला नाही. नव्या हंगामाचे संघ, नवे चेहरे, नव्या जर्स्या हौशी लोक त्यात अजून घालतायत. जुना खेळ कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या पीसीएसएक्स२ या इम्युलेटरची २.० आवृत्ती २०२४ च्या जुलैत आली, आणि आता फळीचं चित्र हवं तेवढं मोठं करून नुसतं एका फोल्डरमध्ये ठेवलं तरी चालतं. ठिपके मोजायची गरज उरली नाही.

पोरगा आता तिशी ओलांडलेला माणूस आहे. त्यानं ती डीव्हीडी जपून ठेवलीय, लॅपटॉपवर चालू करून तुम्हाला दाखवतो. मोठं, स्वच्छ चित्र घालणं त्याला सहज जमलं असतं. त्यानं घातलेलं नाही. मैदान उघडतं, चेंडू लेगला जातो, कॅमेरा वळतो. २५६ बाय ६४ ठिपक्यांची ती फळी नव्या पडद्यावर जरा खडबडीत दिसते. तुम्ही वाकून बघा, मामा बघत होता तसं. दोन्ही ळ वाचता येतात.